चार दिवसांची कारंजेकर

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या सॅकमध्ये दोन गॉगल आणि चार टोप्या होत्या, आणि डोक्यात वारेमाप हवा. अकरावीला माझं नाव कारंजा लाडच्या एका शाळेत घातलेलं होतं. ती शाळा मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ही युक्ती आमच्या पोहण्याच्या क्लबच्या सरांची. पुणे जिल्ह्यात माझा नंबर सातवा-आठवा, त्यामुळे तिथून निवड होणं सात जन्मांत शक्य नव्हतं. सर म्हणाले, "वाशीम जिल्ह्यात कोण पोहतंय? पहिली येशील आणि अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाशील. डोळे मिटून पोह." मी त्यांचं जरा जास्तच ऐकलं.

सकाळी ट्रॅव्हल्समधून कारंज्याला उतरले, तर शाळेच्या संघातल्या तिघी मला घ्यायला आलेल्या. त्यातली प्रज्ञा जवळच्या धनज गावची. स्पर्धेपर्यंत मी तिच्याच घरी राहणार होते. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आपुन एकाच वर्गात हावोत म्हणे. पन तुले कधी पाह्यलंच नाही!"

"मी जरा अनियमित असते," मी म्हणाले. बाकीच्या दोघी तोंडाला रुमाल लावून हसल्या.

एसटीने धनजला पोचेपर्यंत तिघींनी माझी सॅक उघडून टोप्या वाटूनही घेतल्या. एक गॉगलही गेला. आमच्या क्लबात कुणी कुणाला स्वतःची वेळसुद्धा खरी सांगत नाही, टोपी तर लांबच. मी रागाने खिडकीबाहेरचं सोयाबीन बघत बसले.

प्रज्ञाच्या आईने दारातच 'जय भीम' म्हणून माझा हात धरला आणि थेट पाटावर बसवलं. जेवायला रोडगे (गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी. मी बापडी आहारतक्ता सांगू लागले, की शर्यतीआधी मी तेलकट-तिखट खात नाही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रोडगा कुस्करून त्यावर तूप ओतलं. "खाय वं पोरी, लाजू नोको." मी तीन खाल्ले. तक्ता सॅकमध्येच राहिला.

दुपारी सरावाला गेलो ते त्यांच्या शेतातल्या विहिरीवर. प्रज्ञा पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून इथेच पोहायला शिकली होती. मी टोपी, गॉगल, सगळा जामानिमा करून काठावर उभी राहिले आणि तज्ज्ञासारखं विचारलं, "खोली किती?"

"बुडायले पुरते तितकी हाये," प्रज्ञा म्हणाली.

मी सूर मारला. खाली तळ नाही, तलावात असते ती काळी रेघ नाही, नुसता हिरवा अंधार. वर येऊन मी मोटारीच्या पाइपला जी मिठी मारली, ती सोडायलाच तयार नाही. सात वर्षांचा सराव, आणि ही अवस्था!

"काहून भेऊन राह्यली वं?" प्रज्ञा शेजारी येऊन पाण्यात निवांत उभी राहिली. "डोकं वर ठेव. समोर पाह्यल्याशिवाय कुठं जाऊन राह्यली ते कसं समजंन?"

मी धापा टाकत तिला सुनावलं, की डोकं वर काढलं की वेग कमी होतो. पाइपला लटकून नाकाने कांदे सोलणारी जगातली मी पहिलीच असेन.

काठावर केस सुकवताना ती सहज बोलून गेली. "मांगच्या सालीबी पुण्याहून एक पाहुनी आल्ती. पहिली आली अन् निघून गेली, पुन्हा काही दिसली नाही. मी दुसरी. अमरावतीले एकच जाते ना." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र पोटातले तिन्ही रोडगे एकदम जाणवले.

स्पर्धेच्या सकाळी वाशीमच्या एसटीत मी महान निर्णय घेतला. शेवटच्या फेरीत मी मुद्दाम मागे राहणार आणि प्रज्ञाला जिंकू देणार. मंगरूळपीर येईपर्यंत माझं भाषणही तयार झालं. त्यात 'खरा विजय तुझाच' असं एक वाक्य होतं. ते मनात म्हणताना माझेच डोळे भरून आले.

तलाव छोटा होता, त्यामुळे शंभर मीटरला चार फेऱ्या. शिट्टी झाली. मी डोकं खाली घालून सुटले, आणि तळाशी काळी रेघच नाही! सात वर्षं मी त्या रेघेच्या जिवावर सरळ पोहत आले होते. आधी दोघींच्या मधल्या दोरीला खरचटले, मग सरळ होतेय तोवर भिंत आली आणि खाडकन डोकं आपटलं. नाचता येईना, अंगण वाकडं. वर पाहिलं तर प्रज्ञा दोन माणसांच्या लांबीइतकी पुढे. त्यागबिग तिथेच बुडाला. मी जीव खाऊन हात मारले. शेवटच्या फेरीत तर, तिनेच सांगितल्याप्रमाणे, डोकं वर काढून मारले. काठावरून संघातल्या बाकीच्या दोघी आम्हा दोघींच्याही नावाने बोंबलत होत्या. मी जिंकले तर प्रज्ञा घरी बसणार हे ठाऊक असूनही, माझ्याही नावाने.

मी हातभर अंतराने हरले. खूप रडू आलं. प्रज्ञा दोरीखालून माझ्याकडे आली. तिचं पहिलं वाक्य होतं, "डोकं फुटलं का वं? पाहू दे." माझं भाषण काही कामाला आलं नाही. निघताना टोप्या मी परत मागितल्या नाहीत. एक गॉगल उरला होता, तोही अमरावतीसाठी तिला दिला.

पुण्यात परतले तेव्हा कपाळावर टेंगूळ तसंच होतं. सरांना निकाल सांगितला, प्रज्ञाबद्दल आणि मागच्या वर्षीच्या पाहुणीबद्दलही सांगितलं. "दुसरी? तिथे?" त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला. "त्या मुलीसाठी तू शर्यत मुद्दाम सोडलीस ना?" सगळा क्लब माझ्याकडे आदराने बघू लागला. सात वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं. नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं.

"सोडणार होते सर," मी म्हणाले, "पण त्याआधीच हरले. खोटं वाटत असेल तर प्रज्ञाला विचारा. आम्ही एकाच वर्गात आहोत."