बा मला विचारतो

मोखाड्याच्या स्टँडवर जीप भरत होती. बाने माझी पेटी टपावर चढवली, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ड्रायव्हरला दटावलं, "पोरीला खिडकीशी बसव." पाड्यावर दोन भाऊ भांडले की लोक बाला बोलवायला यायचे. मी ठाण्याला नर्सिंगला जायचं, हेही त्यानेच ठरवलं होतं.

पुढे मी तिथल्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स झाले आणि हळूहळू घरचे प्रश्न फोनवरून माझ्याकडे यायला लागले. आईचं औषध बदलू का? छपरावर पत्रा घालू की कौलंच राहू देत? मला बरं वाटायचं. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना हे बरं वाटणं ठाऊक असेल.

दोन वर्षांपूर्वी जव्हारकडचे पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीला, सुनंदाला, मागणी घालायला आले. सगळे ओटीवर बसलेले असतानाच बाने मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी ड्यूटीवर होते, पेशंटचं सलाईन संपत आलं होतं. म्हटलं, "नको. तिला इकडे पाठव, कोर्स करू दे. लग्नाची काय घाई?" बाने पाहुण्यांना तसंच सांगितलं. ते चहा पिऊन उठले.

सुनंदा चार महिने माझ्या रूमवर राहिली. क्लासला जायची, पण वही कोरीच. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मला तो पोरगा आवडत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं कोणी?"

तोवर त्याचं दुसरीकडे लग्न झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मी बाला फोन केला. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू शिकलेली. आम्ही काय बोलावं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं, माफी मागता आली असती.

यंदा मे महिन्यात घरी गेले. मला पाहताच बा खाटेवरून उठला, गोधडी झटकून माझ्यासाठी अंथरली आणि स्वतः खाली भिंतीला टेकून बसला. आईने मला काचेच्या ग्लासात पाणी दिलं. सुनंदा मागच्या दाराने रानात निघून गेली.

"यंदा नागली कंच्या उतारावर लावू?" बाने विचारलं. मूठभर माती चोळून ओल कशी ओळखायची, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

"बा, तूच ठरव ना. मला काय कळतं त्यातलं?"

तो म्हणाला, "इचार कर. फोनवर सांग."

मी मुद्दामच सांगितलं नाही. वाटलं, मी गप्प राहिले तर तो आपणच ठरवील. पाऊस आला, शेजाऱ्यांची लावणी आटोपली. मग आईचा फोन आला. "आपला माळ तसाच पडलाय गं. तो तुझ्या फोनची वाट बघतोय."

मी घाईघाईने फोन लावला आणि आठवेल तो उतार सांगितला. लावणीची वेळ टळून गेली होती, हे बाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याने एका शब्दानेही अडवलं नाही. भर पावसात निघाला, असं आई म्हणाली.

घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच उरलंय. तिथे मी म्हणेन ते होतं, आणि मला चुकलीस म्हणणारं कोणी नाही.