मावसभावाच्या गाण्यातली रिकामी जागा

माझ्या मावसभावाने घरी संगणकावर बनवलेलं अहिराणी गाणं तळोद्यात सध्या जिकडे तिकडे वाजतं. धडगावच्या जीपमध्ये तेच, मोबाइलच्या दुकानात तेच, आणि माझ्या बायकोच्या फोनची रिंगही तीच. मी लग्नांत बँजो पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवतो. त्याला पट्टी म्हणजे काय हे मीच शिकवलं होतं. म्हणून हेडफोन लावून बसलो, ते कौतुकाने नव्हे, चुका काढायला.

चूक काही सापडेना. सुरुवातीला नुसता ढोल, तोही लांबून, पलीकडच्या गल्लीत लग्न असावं तसा. मग पावरीची, आमच्याकडच्या आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, एक खरखरीत ओळ. ती त्याने गुळगुळीत केलेली नाही. बास दुसऱ्या कडव्यापर्यंत दडून राहतो आणि आला की थेट छातीत बसतो. सगळ्यांत कहर म्हणजे मुखड्याआधी सगळं बंद. क्षणभर काहीच नाही. मी असतो तर तिथे व्हायोलिन, शहनाई, घुंगरू, झालंच तर कोंबडाही घातला असता.

पुढच्याच वरातीत त्या गाण्याची फर्माईश आली. म्हटलं, आज याला सुधारूनच दाखवतो. रिकामी जागा आली तशी मी वरपासून खालपर्यंत बोटं पळवली. नाचणाऱ्या बाया गोंधळल्या, एकमेकींवर आदळल्या. मला वाटलं, दाद आहे. पुढच्या वेळी दोन्ही हातांनी पळवली.

नवरदेवाची मावशी घाम पुसत आमच्या गाडीपाशी आली.

"भाऊ, तठे काय करी ऱ्हायना तू?"

"मावशी, संगीत भरी ऱ्हायनू."

"भरू नको. तठे आम्हना पाय पडतस. ती जागा आम्हनी शे."

पुन्हा ती जागा आली तेव्हा मी निमूट हात उचलले. आणि अख्ख्या गल्लीचे पाय एकदम जमिनीवर पडले. तो आवाज कुठल्याच कीबोर्डात नाही. संगणकासमोर एकटा बसून त्या पोराने हे पाय ऐकले होते; मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर वाजवत आलो, पण नजर कायम माझ्याच बोटांवर. इतका जळलो की पुढची ओळ चुकलो.

गाणं संपल्यावर मावशी लांबूनच म्हणाली, "आते बरं वाजाडं, भाऊ."

त्या वरातीत मला शाबासकी मिळाली ती न वाजवल्याबद्दल, आणि तीही खरं तर मावसभावाचीच होती.