बाकाचं दार उघडणारा सिक्स्टेन

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली होती, आणि प्रत्येकाची पाळी फळीवर लिहिलेली असे. त्या दिवशी माझी पाळी दहापर्यंत. दहाला पाच कमी असताना शेजारचे राग्नवाल्ड आणि योर्डिस, नवराबायको, टोपली घेऊन आत शिरले. दुसऱ्याच्या पाळीत पाच मिनिटं आधी येणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. मी खाकरणारच होते, पण मी ओल्या चादरींच्या मागे होते, आणि त्यांचं असं जुंपलं की खाकरायची सोयच राहिली नाही.

"गोलकीपर? साऱ्या गावाने आपल्या पोराच्या तोंडावर हॉकीच्या रबरी चकत्या मारायच्या?" राग्नवाल्ड म्हणाला.

"मग काय करू? चार पावलं घसरत गेला की बसतो बर्फावर. बर्फावरच्या हॉकीत उभं राहायची जागा एकच आहे."

"पुढे खेळू दे. गोल मारू दे. चार लोक नाव घेतील."

"तू मारलास ना गोल? तीन वर्षांत एक. तोही आपल्याच जाळीत."

त्याने टोपली मशीनवर आदळली. मग राग्नवाल्ड म्हणाला, "अंगात काही नाही गं त्याच्या. जाळी झाकणार कशाने?"

"तुझे दोन स्वेटर घालीन आत," योर्डिस म्हणाली आणि माझ्याच मशीनचं झाकण उघडलं.

पोरगा तेव्हा आठ वर्षांचा. नाव सिक्स्टेन. दोन स्वेटर घालून तो आमच्या ग्रानसेले गावच्या जाळीपुढे उभा राहिला, आणि खरं सांगते, बरा अडवायचा. डोळा चांगला होता. घाबरत नव्हता. त्याचं घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

आमच्याकडे ताटलीतला शेवटचा बन कुणी घेत नाही. घेणारा हावरट ठरतो. कुणी अर्धा तोडतं, दुसरा त्याचाही अर्धा, आणि शेवटी वाटाण्याएवढा तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत पडतो. हे सगळेच करतात. पण सिक्स्टेन जाळीच्या बाबतीतही तेच करायचा. संघात दोन गोलकीपर आणि जाळी एक. कोच विचारायचा, "आज कोण?" की हा लगेच म्हणायचा, "तो खेळू दे, मी काय, बसतो." एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तर शोभतं. याने वीस वर्षं म्हटलं.

तरी पगारी खेळाडू झाला. स्टॉकहोमच्या एका मोठ्या क्लबने बोलावून नेला. दोन वर्षांत सत्त्याण्णव सामने तो बाकावर बसला. बर्फावर उतरला एकदाच, तेही आठ मिनिटं, मुख्य गोलकीपरच्या स्केटचं पातं तुटलं म्हणून. त्या आठ मिनिटांत सगळा खेळ पलीकडच्या टोकाला चालला होता. पेपरात आलं की सिक्स्टेनने एकही गोल होऊ दिला नाही. योर्डिसने ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि आल्यागेल्याला दूध काढायच्या निमित्ताने दाखवलं.

मग तो घरी परत आला, आमच्या संघात. मी तोवर स्टेडियमच्या लाँड्रीत कामाला लागले होते. तेरा वर्षं मी संघाचे कपडे धुतले आणि तेरा वर्षं तो बाकावर बसला. अगदीच बसला असं नाही. हरलेल्या सामन्यात शेवटी उतरवायचे, परगावी कधी अर्धा सामना. घरच्या बर्फावर पुरा सामना मात्र एकही नाही.

पण बाकाचं दार, म्हणजे बाकापुढच्या कठड्यातलं बर्फावर उघडणारं दार, त्याच्यासारखं कुणी उघडलं नाही. या खेळात मिनिटामिनिटाला माणसं बदलतात. दमलेला आत येतो, ताजा बाहेर जातो, आणि दार क्षणभर अडकलं तरी घात होतो. आमच्या दाराची कडी तर जुनी, हट्टी. सिक्स्टेन ती गुडघ्याने वर ढकलून हाताने ओढायचा. कोण दमलाय ते त्याला श्वासावरून कळायचं. सामना संपला की घामाने भिजलेल्या कपड्यांची झोळी खांद्यावर टाकून तो माझ्याकडे लाँड्रीत आणायचा. ते काम खरं तर कुणाचंच नव्हतं, म्हणून त्याने घेतलं.

सदतिसाव्या वर्षी गुडघ्याने नोटीस दिली. मोजे जुळवता जुळवता मला म्हणाला, "आल्फहिल्ड मावशी, शनिवारी शेवटचा सामना."

"मग?"

"काही नाही." मोज्यात तोंड घालून म्हणाला, "एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत उभं राहायचं होतं. इथे. आईसमोर."

"मग कोचला सांग की."

"छे! असं कसं सांगायचं?"

मीच सांगितलं. कोच बोर्ये म्हणाला, "त्या सामन्यावर आपलं काही अडलेलं नाही. दोघांनी आपसात ठरवा." दोघं म्हणजे सिक्स्टेन आणि मुख्य गोलकीपर मेल्केर. भला माणूस होता मेल्केर, पण तोही आमच्याच गावचा.

शनिवारी दुपारी कॉफीच्या टेबलाशी दोघं बसले. मधे ताटलीत एकच बन.

"आज तू खेळ," मेल्केर म्हणाला.

"नाही नाही, तुझी जागा आहे ती."

"अरे, तुझा शेवटचा सामना."

"म्हणून काय झालं? तू खेळ."

"मी काय, नेहमीच खेळतो. तू."

"तू."

तीनदा झालं. चौथ्यांदा बोलणं आमच्याकडे उद्धटपणा. खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत दोघांनी कॉफी संपवली आणि ते उठले. मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. मला वाटलं, ठरलं एकदाचं. तसं त्या दोघांनाही वाटलं. फक्त दोघांनाही वाटलं की समोरच्याने मानलं.

तीन वाजता संघ बर्फावर उतरला. आमची जाळी रिकामी. दोन्ही गोलकीपर जाडजूड पॅडं बांधून बाकावर शेजारी शेजारी बसलेले, कडेला जागा करून देत. पंच घसरत बाकापाशी आला.

"तुमचा गोलकीपर कोण?"

सिक्स्टेनने मेल्केरकडे बोट दाखवलं, मेल्केरने सिक्स्टेनकडे.

"मी विचारतोय, कोण?"

"तो," दोघं म्हणाले.

पंच दक्षिणेकडचा, त्याला वाटलं थट्टा चाललीय. खेळ लांबवल्याबद्दल त्याने संघाला दोन मिनिटं एक खेळाडू कमी करायची शिक्षा दिली. सभ्यपणाबद्दल शिक्षा झालेला आमचा पहिलाच संघ असेल. बोर्येचं तोंड बिटासारखं झालं. सिक्स्टेनने सवयीने गुडघ्याने कडी वर केली आणि मेल्केरसाठी दार धरून उभा राहिला. मेल्केर हलेना.

वर प्रेक्षकांतून योर्डिस ओरडली, "आल्फहिल्ड, ढकल गं त्याला!"

मी बाकामागेच होते. टॉवेलांची चळत सिक्स्टेनच्या पाठीला लावली आणि रेटला. गेला.

मग काय सांगू! दार आता मेल्केरकडे, आणि त्याला कडीची रीत ठाऊक नाही. ताजे खेळाडू आत अडकले, दमलेले बाहेरून दार बडवू लागले, एकजण तर कठड्यावरून डोक्यावर पडत आत आला. त्या गोंधळात आमच्यावर दोन गोल झाले. बाकीचे तीन सिक्स्टेनच्या स्वतःच्या हातून सुटले. पण त्याने अडवलेही तीसएक, त्यातला एक तर नाकाने. राग्नवाल्ड वर बसून प्रत्येक वेळी म्हणत होता, "अंगात काही नाही, पण बघा!"

शेवटचं मिनिट आलं. आमचे गोल चार, त्यांचे पाच. आता या खेळाची रीत अशी, की एका गोलाने मागे असलं तर शेवटी गोलकीपरला बाकावर बोलावतात आणि त्याच्या जागी एक जास्तीचा गोल मारणारा धाडतात. सगळेच करतात. बोर्येने हात हलवला.

"सिक्स्टेन! ये!"

सिक्स्टेनने पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं. वीस वर्षांत कुणी बोलावलं आणि तो गेला नाही असं झालं नव्हतं.

"अरे ये ना! बहिरा झालास काय?"

सिक्स्टेनने मान वर केली आणि छताकडे बघू लागला, जसं काही तिथे कुणी पक्षी शिरलाय. बोर्येने शिट्टी मारली, टोपी फेकली. छतच बघतोय हा. अर्धं स्टेडियम मान वर करून पक्षी शोधू लागलं. मग लोकांना उमगलं. ते पाय आपटू लागले, आधी चार जण, मग सगळे. योर्डिसने थर्मासचं झाकण कठड्यावर बडवलं. भोंगा वाजला तेव्हा तो जाळीतच होता.

हरलो, पाच-चार.

बोर्ये मला जिन्यात भेटला. "वीस वर्षं ज्याने कुणाचा शब्द मोडला नाही, तो आज..." एवढं बोलून थांबला आणि नाक शिंकरलं. रागाने की कशाने, मी विचारलं नाही.

तासाभराने लाँड्रीचं दार वाजलं. सिक्स्टेन, नाक सुजलेलं, खांद्यावर झोळी.

"कुठे ठेवू मावशी?"

"रोज कुठे ठेवतोस?"

त्याने झोळी मशीनपाशी टेकवली, पांढरे एकीकडे, निळे एकीकडे केले, मोज्यांना चिकटलेल्या चिकटपट्ट्या एकेक करून सोलल्या, आणि जाताना बाही उलटी राहिलेली एक जर्सी सुलटी करून ढिगावर टाकली.