वाकलेली बांधी

भर दुपारी, लख्ख उन्हात मला आयुष्यात एकदाच भीती वाटली, आणि ती गोष्ट सांगायला मला भारी आवडतं.

मी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून एकदा चिचगडच्या बाजूला जाते आणि जुनं दुखणं घेऊन जगणाऱ्यांना त्या दुखण्याशी कसं वागायचं ते शिकवते. एक बाई दोन वर्षांपासून कंबर धरून होती. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं, गोळ्यांनी फक्त पोट बिघडलेलं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या टोळीने तिला बजावलं होतं की यंदा दुपारी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आडवी झालीस, तर ओळीत दुसरी बाई येईल. ती जागा तिला सोडायची नव्हती.

मी नियम दिला. दुखलं म्हणून थांबायचं नाही, पेंडी संपली म्हणून थांबायचं. धानाच्या रोपांची एक पेंडी लावून झाली की सरळ उभं राहायचं, हात वर, दहा श्वास, मग दुसरी पेंडी. माझ्यासमोर ती हे झकास करायची. शेतात मात्र दुखणं जसंच्या तसं.

शेवटी मी बांधीवरच, त्यांच्या धानाच्या खाचरावरच, जाऊन धडकले. आठ बायका चिखलात वाकून रोवत होत्या. गाणं नाही, थट्टा नाही. रोवणी उलट्या पावलांनी चालते, मागे काय आहे ते पायांनाच कळतं. पेंड्या संपत होत्या, पण कोणी उभं राहत नव्हतं. एकीला तहान लागली. ती वाकलेलीच, हात चिखलाला टेकत धुऱ्यापर्यंत आली, बसून पाणी प्यायली आणि तशीच परत गेली. मग दुसरी आली, तशीच. त्या बांधीत उभा राहिला तो फक्त माझ्या अंगावरचा काटा.

मी माझ्या बाईला विचारलं, उभी का राहत नाहीस? मान वर न करता ती म्हणाली, "इथं नाही, मॅडम. इथं माही जाऊ उभी राहिली होती."

दोन वर्षांपूर्वी जाऊने कंबर मोकळी करायला अंग ताठ केलं आणि तिच्यावर वीज पडली, जागीच गेली. ही शेजारीच होती, वाकलेली. कंबर तेव्हापासूनची. हे तिने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही नुसती कंबरच विचारत आले होते.

मी साडी खोचली आणि नाटकातल्या राणीसारखी चिखलात उतरले. ढग गरजले तर वाकायचं नाही आणि उभंही राहायचं नाही, सरळ घर गाठायचं. आज मात्र आभाळ कोरं आहे, असं भाषण ठोकलं. टोळीची म्होरकी म्हणाली, "तुमी तं घरी जासान, मॅडम. आमाले इथंच राहाचं आहे."

तेवढ्यात माझ्या बाईची पेंडी संपली. गुडघ्यांवर हात ठेवत ती हळूहळू वर आली. सात जणींचे हात थांबले. चिखलाने काळे झालेले तिचे दोन हात आभाळाकडे गेले. ओठ हलत होते. दहा श्वास झाल्यावर ती वाकली आणि पुढची पेंडी लावायला घेतली.

रोवणी संपेपर्यंत ती ओळीत होती. बाकीच्या सात जणी अजून वाकूनच पाणी प्यायला येत होत्या.

पुढच्या खेपेला मी खुशीत विचारलं, श्वास मोजायला जमतं ना?

"जमते. आठव्या श्वासाले मागून माही जाऊ म्हणते, बस, वाक आता."

माझा आवाज बारीक झाला. "तू मागे बघतेस?"

"कायले?" ती म्हणाली. "दहा झाल्याबिगर मी वाकत नाही."