न लागणारा रोग

आईच्या दंडावर जांभळट गाठी उठल्या तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्या दुखत नव्हत्या की खाजत नव्हत्या. मग पाठीवर उठल्या, गळ्यावर उठल्या. आई जामसंड्याच्या बाजारात मासे विकायची. बांगड्याचे कल्ले उघडून घासाघीस करणाऱ्या बायका आता तिला टाळून पुढच्या पाटीकडे जाऊ लागल्या. गावाने परस्पर निदान करून टाकलं होतं: महारोग. कोणी म्हणे नागाचा शाप. गावाचं तोंड कोण धरणार? मला मात्र एकेकीच्या डोक्यावर पाटी ओतावीशी वाटायची.

आईने वाद घातलाच नाही. तिने आपणहून अंथरूण पडवीत नेलं आणि चहा करवंटीतून प्यायला लागली. धाकटा भाऊ जेमतेम दोन वर्षांचा. तो "आये" करत धावला की ती काठी उगारायची.

"येव नको रे माझ्या जवळ!"

मी त्याला उचलून आत न्यायचे, आणि बाहेर आई तोंडात पदर कोंबून रडायची.

तेव्हा देवगडाहून मुंबईला बोट जायची. भावाला काकीकडे ठेवून बाबा आम्हा दोघींना घेऊन गेले. इस्पितळात गाठीचा तुकडा काढला, छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज ओढला. डॉक्टर इतर डॉक्टरांना बोलावून गाठी दाखवत. शेवटी त्यांनी सांगितलं, हा महारोग नव्हे. रक्ताचा कॅन्सर आहे, कातडीवर उतरलेला, क्वचितच दिसणारा. झपाट्याने वाढतो, औषध नाही.

डॉक्टरांशी शुद्ध बोलायचं असं घोकून आलेली आई सगळं विसरली.

"ह्यां दुसऱ्याक लागता काय?"

"नाही, कोणालाच लागत नाही."

"मगे माझ्या झिलाक मिया घेतलंय तर चलात मां?"

मुलाला खुशाल जवळ घ्या, डॉक्टर म्हणाले आणि आई हसली. मला तिचा भयंकर राग आला. मरण सांगितलंय बाई, हसतेस काय!

घरी आल्या आल्या ती उंबऱ्याशी बसली आणि तिने हात पसरले. भाऊ काकीच्या लुगड्यामागे लपला, भोकाड पसरून रडला. तिनेच शिकवलेलं तो विसरला नव्हता.

रोज ती त्याला हाका मारायची, गूळ दाखवायची. धीर करून तो जवळ आला तोवर तिच्या हातांत त्याला उचलण्याचं बळ उरलं नव्हतं. मीच त्याला उचलून तिच्या कुशीत ठेवलं.