एकेक घुंगरू
काल चांदीची भांडी रिठ्याच्या पाण्यात घातली आणि त्या वासानं वडील डोळ्यांसमोर आले. हुपरीत जन्मभर पैंजणं घडवणारे त्यांचे हात थरथरायला लागले, काम सुटलं, म्हणून मी त्यांना कोल्हापुरात नेट कॅफेत नेलं. तिथं एका वेबसाइटवर पैंजणाचं डिझाइन करता यायचं. कॉम्प्युटर इतका मंद, की घुंगरं एकेक करून उमटत होती, आणि प्रत्येक घुंगराला वडिलांची बोटं मांडीवर हलत होती. कॅफेवाला वैतागला, “डिझाइनमधली चमक आन् सावली काढून टाका की, पळंल बघा.” मी काढली. अख्खं पैंजण एकदम उमटलं. वडिलांची बोटं थांबली. “झालं व्हय?” ते हळूच म्हणाले, “मीच जोडाय लागलोय असं वाटत हुतं.” पुन्हा ते कधी कॅफेत आले नाहीत. आता फोनवर एखादं चित्र अडखळत उमटायला लागलं, तर मी त्याला घाई करत नाही.