दोन ग्रॅमची घट

शुक्रवारी माझी चांगलीच जिरली. तीही शाळेच्या ऑफिसात, मुख्याध्यापकांसमोर... आणि कुणी बोलावलं नव्हतं, मीच आपल्या पायानं चालत गेले होते.

मी सेलूला दहावी 'अ'ला विज्ञान शिकवते. विज्ञान म्हणजे आमच्या मॅडम, असं पालकांनी बरीच वर्षं धरलेलं होतं. यंदा गंगाखेडहून ढगे सर आले आणि त्यांना 'ब' तुकडी मिळाली.

माणूस दिसायला साधा, बोलायला त्याहून साधा. पण आल्या आल्या त्यांनी मुलांनाच धड्यांचे व्हिडिओ करायला लावले. मधल्या सुट्टीत माझ्याच वर्गातली पोरं 'ब'च्या खिडकीला लोंबकळायला लागली... सरळच सांगते, माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच व्हिडिओ पाठवायचं ठरलं. विषय, द्रव्य अक्षय्यतेचा नियम आणि समीकरण संतुलित करणं. आजवर प्रदर्शनाला माझाच वर्ग जायचा, यंदाही तोच जायला हवा होता. बाकी मला काही सुचत नव्हतं.

मी माझ्या मुलींना संवाद लिहून दिले. व्हिनेगर, खायचा सोडा, झाकणाची बाटली, किराणा दुकानातून आणलेला काटा. मुक्ता म्हणून माझी एक हुशार विद्यार्थिनी आहे, तिनं आधीचं वजन सांगितलं, नंतरचं सांगितलं, दोन्ही अगदी सारखं. मागच्या भिंतीवरचा तक्ता वाकडा होता, तोसुद्धा मी सरळ केला.

गुरुवारी संध्याकाळी 'ब'चा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर आला. भाजी फोडणीला टाकून मी तो उघडला... चुका शोधायलाच.

आणि देव पावला! प्रयोग तोच. बाटली उलटी केली, आत फसफसलं, पुन्हा काट्यावर ठेवली तर वजन दोन ग्रॅम कमी. काट्याशी शिवकन्या बसली होती, तिच्या वडिलांचा मोंढ्याच्या बाजारात कापसाचा धंदा. ती एकदम निवांत म्हणाली, "असू दे की. दोन ग्रॅम घट धरू. आमचे बाबा बी धरतेत."

आमच्याकडे कापूस मोजताना ओलाव्यापोटी, काडीकचऱ्यापोटी वजनातून थोडं कापतात, ती घट. मोंढ्यात ठीक आहे... पण द्रव्य अक्षय्यतेच्या नियमात घट? मी व्हिडिओ तिथंच बंद केला. भाजी खाली लागली, पण काय गोड लागली म्हणून सांगू!

सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच मी ऑफिसात. "सर, 'ब'चा व्हिडिओ जरा बघून घ्या बरं, तालुक्यात आपलं हसं नको." आवाज अगदी काळजीचा काढला. मुख्याध्यापकांनी ढगे सरांनाही बोलावून घेतलं. मुक्ता आमचा पेनड्राइव्ह द्यायला आलेली, तीही तिथंच थांबली.

व्हिडिओ लागला. घट आली. मुख्याध्यापक हसले, मीही हसले... पण व्हिडिओ संपलाच नाही.

त्यातली दुसरी पोरगी शिवकन्येला म्हणाली, "अगं, कापसातलं पाणी वाळतंय म्हणून घट. हितं झाकण बंद हाय. मग दोन ग्रॅम गेले कुठं?" मग त्यांनी झाकणाभोवती साबणाचा फेस लावला आणि तिथून बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. गॅस निसटत होता. सायकलच्या ट्यूबची चकती कापून झाकणात बसवली, प्रयोग पुन्हा केला. वजन जेवढ्यास तेवढं.

पुढं तर कहरच. ज्वारीचा दाणा म्हणजे हायड्रोजन, हरभरा म्हणजे ऑक्सिजन, असं मांडून त्यांनी पाण्याचं समीकरण घेतलं. उजवीकडं एक हरभरा कमी पडला. शिवकन्या ओरडली, "आता घट न्हाई धरायची हां! हरभरा कुठं जात न्हाई. पाण्याचा अजून एक रेणू मांडा." मग ज्वारी कमी पडली, म्हणून डावीकडं हायड्रोजनची आणखी एक जोडी ठेवली... आणि जुळलं.

मला ते इतकं आवडलं की रागच आला. हे मला का नाही सुचलं?

ढगे सर ओशाळून म्हणाले, "घटीचा भाग मी कापायलो होतो. पोरीच म्हणल्या, राहू द्या सर."

तेवढ्यात मुक्ता हळूच बोलली. "मॅडम, आपली बी घट आलती की. तुमीच म्हणलात, डिलीट करा, बाटली बदला, पुन्हा घ्या."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. ढगे सर स्वतःच्या चपलेकडे. मी कुठं बघावं ते मला कळेना.

व्हिडिओ अर्थातच 'ब'चा गेला. वर्गात आल्यावर मी मुक्ताला विचारलं, खरंच डिलीट केलंस का गं? ती लाजत म्हणाली, "न्हाई मॅडम, आईच्या फोनमधी हाय. आमाला लय हसू यायलंय ते बघून."

शनिवारी तो तुकडा वर्गात लावला. काट्यावर वजन कमी दिसतंय आणि कडेला मी दोन्ही हात हलवतेय... बंद करा, बंद करा! पोरं पोट धरून हसली. मग आपले ग्रॅम गेले कुठं यावर अशी भांडली की घंटा झालेली कुणाला कळली नाही. माझ्या तासाला असं भांडण कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

पोटदुखी गेली का? नाही हो... झाकण घट्ट लावलंय, जेवढ्यास तेवढी भरते. पण मुक्ता, तुझे मनापासून आभार. ढगे सरांचेही मानायचे आहेत... आधी प्रदर्शनाचा निकाल तर लागू दे.